दगडावरचे तीन तास

पहिला फवारा अमरनाथ गुरुजींच्या चष्म्यावर बसला आणि शाळेच्या गच्चीवरून त्यांना सगळं गाव गुलाबी दिसायला लागलं. त्यांनी गोफण गरगर फिरवली आणि गुलालात भिजवलेला चिंध्यांचा गोळा सोडला. तो शत्रूला सोडून सरळ ग्रामपंचायतीच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन आपटला. दुसरा फवारा छातीवर आला. खेळाच्या नियमानं गुरुजी मेले.

“गुरुजी, खाली बसा. मेलेल्या माणसानं उभं राहू न्हाई,” खालून सुभेदार हणमंतरावांचा आवाज आला.

तोवर बारा पोरं शाळेच्या पटांगणात घुसली होती. सुभेदारांच्या भरती अकॅडमीतली पोरं ती, पहाटे उठून रोज दहा किलोमीटर पळणारी. पाठीवर सोयाबीन फवारायचे बॅटरीचे पंप, दुकानातून मागून आणलेले, कोरे, औषधाचा थेंब न लागलेले, आणि आत रंगाचं पाणी. हरिओम नावाच्या उंच पोरानं झेंड्याच्या खांबाला हात लावला आणि खेळ संपला.

सुभेदारांनी घड्याळ बघितलं.

“अकरा मिनिटं. त्यातली तीन पोरांनी वेशीतल्या कुत्र्याला भिऊन घालवली, ती धरू नका.”

गच्चीवर, पारावर, पिठाच्या गिरणीच्या पत्र्यावर चाळीस गुलाबी माणसं मरून पडली होती आणि पोट धरून हसत होती. एकटे गुरुजी हसत नव्हते.

भानगड सुरू झाली ती एका दगडावरून. उदगीरच्या रस्त्याला आत वळलं की उमरगव्हाण लागतं. मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, सतरा सप्टेंबरला, गावाच्या वेशीपाशी एक दगड बसवायचा ठरला होता. मजकूर गुरुजींनी लिहिला होता: ‘भीमाशंकर आप्पा व गावकऱ्यांनी गोफणींच्या बळावर निजामाच्या फौजेला तीन तास रोखले.’ भीमाशंकर आप्पा म्हणजे गुरुजींच्या आईचे वडील. ही गोष्ट गावात तान्ह्या पोरालाही ठाऊक होती. अठ्ठेचाळीस साली गावानं लेव्हीचं धान्य दिलं नाही, वर झेंडा लावला, म्हणून फौजेची लारी आली. तिच्यावर मशीनगन होती. आप्पांनी चाळीस माणसं गोळा केली आणि तीन तास फौज हलू दिली नाही. तेवढ्यात बायकापोरं मागच्या ओढ्यातून निसटली.

समितीच्या बैठकीत सुभेदारांनी या मजकुरावर बोट ठेवलं. “नाव लिहा, पराक्रम लिहा, हार घाला. पण तीन तास लिहू नका. मशीनगनपुढं गोफण? अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली म्या. दगडावर खोटं कोरायचं म्हणजे ते पुसताबी येत न्हाई.”

झालं. तीन आठवडे हॉटेलात चहा गार व्हायला लागला. साध्या माणसांना हातातल्या काठ्या-गोफणींवर खऱ्या फौजेला रोखता येतं का, यावर गावात दोन पार्ट्या पडल्या. कुणी मोबाइलमधून व्हिएतनाम काढायचं, कुणी अफगाणिस्तान. ज्यांना नांदेडच्या पुढं कधी एसटी बदलावी लागली नव्हती ते डोंगरातल्या लढाईचे डावपेच सांगायला लागले. शेवटी सरपंच मंजुश्रीताई वैतागल्या. तोंडानं लढू नका, करून दाखवा, असं त्यांनी फर्मावलं. दोन मोके. गुलाल लागला तो मेला. फौजेनं सकाळी सातला निघायचं आणि शाळेतल्या खांबाला हात लावायचा. गावानं दहापर्यंत थोपवायचं. जमलं तर तीन तास कोरायचे, नाही तर ती ओळ काढायची.

पहिला मोका अकरा मिनिटांत गेला. दुसरा सोळा तारखेला होता.

गुरुजी घरी आले तेव्हा अव्वा, म्हणजे त्यांची आई पार्वतम्मा, ओसरीवर शेंगा फोडत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, दात सगळे शाबूत. लेकाला पायापासून डोक्यापर्यंत गुलाबी बघून तिनं तोंडाला पदर लावला.

“किती टिकलाव?”

“अकरा मिनिटं.”

“कुठून मारून राहिलता?”

“गच्च्यांवरून. आप्पांनी केलं तसंच.”

“गच्च्यांवरून,” अव्वा म्हणाली आणि शेंग फोडली.

“तू होतीस ना त्या दिवशी. आठ वर्षांची होतीस. आप्पा नेमके कुठं उभे होते, ते तरी सांग.”

“आप्पा म्हनले तिथंच असतील.” ती सूप उचलून आत गेली.

हे गुरुजींना नवं नव्हतं. या विषयावर बोलायचे ते आप्पाच. अव्वाच्या तोंडून त्या दिवसाबद्दल कधी चार वाक्यं निघाली नव्हती. गुरुजी न्हाणीत बसून अंगावरचा रंग घासत राहिले आणि त्यांना खरंच भीती वाटली. बावीस वर्षं ते दर सप्टेंबरात चौथीच्या पोरांना ही गोष्ट सांगत आले होते. सुभेदार खरे ठरले तर दगडावरची ओळच फक्त जाणार नव्हती. आप्पा थापाडे ठरणार होते, आणि आपण थापाड्याचा नातू.

दुसऱ्या दिवसापासून गुरुजींनी शिवार पालथं घातलं. आप्पांच्या काळी भाद्रपदात ज्वारी डोक्याच्या वर असायची, हत्ती लपला तरी दिसला नसता. आता जिकडं बघावं तिकडं गुडघ्याएवढं सोयाबीन. त्यात कोंबडी बसली तरी वरून दिसायची, आणि वरून बघायला सुभेदारांकडं वीरेशचा ड्रोन होता. वीरेश लग्नाचे फोटो काढायचा. लपायला उरला होता तो फक्त विठाबाईचा दीड एकर ऊस आणि दोन विहिरी.

गोफण मारायला शिकवायचं तर पन्नाशीच्या आतल्या कुणाला ती धरताच येत नव्हती. फक्त अंगणवाडीतल्या वर्षाराणीनं गोळा घेतला, दोनदा फिरवला आणि तिसऱ्या फेऱ्याला कडुनिंबाची शेंड्याची डहाळी खाली पाडली.

“माहेरी पाखरं राखली की म्या,” ती म्हणाली. “आमच्या रानात पाखरू दुसऱ्यांदा येत नव्हतं.”

गुरुजींना इतका आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथं तिला सेनापती करून टाकलं.

सोळा तारखेला सात वाजता शाळेची घंटा झाली. शेजारच्या तीन गावांतली माणसं बघायला आली होती, एकानं तर भज्यांचा गाडा लावला होता. ड्रोन घूं घूं करत उसावर आला आणि जरा खाली उतरला. उसातून गोफणीचा सटकारा ऐकू आला. पहिला गोळा हुकला. दुसरा पंख्याला लागला, आणि ड्रोन लंगडत जाऊन सोयाबीनमध्ये पडला.

“वहिनी, दिवाळीनंतर अकरा लग्नं हायत माझी,” वीरेश कळवळून ओरडला.

“पाखरू पाखरूच असतंय,” उसातून उत्तर आलं.

लोकांनी शिट्ट्या मारल्या. गुरुजींच्या अंगात वारं शिरलं. विहिरीच्या कठड्यामागून त्यांनी स्वतः दोन पोरं मारली. वर्षाराणीनं तीन टिपली. गोळा कुठून येतो ते पोरांना कळेना, ती जागच्या जागी गोल फिरायला लागली. साडेसात झाले. गुरुजींच्या डोळ्यांसमोर तो दगड उभा राहिला, तीन तास, ठळक अक्षरात.

पण सुभेदार काही लग्नातले वाजंत्री नव्हते. त्यांनी उरलेली सात पोरं खाली निजवली, दोघांना ओढ्याच्या अंगानं पाठवलं आणि उसाला तिन्ही बाजूंनी घेरून फवारा सोडला. पाच मिनिटांत ऊस गुलाबी झाला. वर्षाराणी हात वर करून बाहेर आली. गुरुजी विहिरीपाशी सात सेहेचाळीसला मेले, या आठवड्यात दुसऱ्यांदा. ते तिथंच मटकन बसले. लढलो, जीव तोडून लढलो, आणि तरी पाऊण तास. सुभेदारांचं गणित बरोबरच होतं, हे त्यांना आता मनोमन पटलं होतं आणि म्हणूनच त्यांना रडायला येत होतं.

आता पोरांना फक्त वेशीतून आत जायचं होतं. ओढा फुगलेला, त्यामुळं गावात जायला दुसरी वाट नव्हती. हरिओम पुढं होता. तो वेशीपाशी पळत गेला आणि एकाएकी थांबला. मागची पोरं त्याच्यावर आदळली.

गुरुजींना लांबून काही दिसेना. मेलेल्या माणसानं हलायचं नाही हा नियम मोडून ते धावले.

वेशीच्या मधोमध घोंगडी टाकून अव्वा बसली होती. न्हाऊन आलेली, कपाळाला भस्म. डाव्या तळहातावर गळ्यातलं इष्टलिंग घेतलेलं, समोर तांब्या आणि बेलाची टोपली. नजर तळहातावर. ओठ हलत होते. तिची रोजची पूजा, फक्त रोज ती देवघरात व्हायची.

दोन्ही बाजूंनी माणूस जाईल एवढी जागा होती. पण लिंगपूजेला बसलेल्या माणसाला ओलांडून कोण जाणार? हरिओमनं हळूच बूट काढले. त्याचं बघून बाकीच्यांनी काढले. पंपांच्या नळ्या आपोआप खाली झाल्या.

सुभेदार आले. त्यांनी बघितलं आणि गुरुजींना बाजूला ओढलं.

“गुरुजी, ही चीटिंग हाय,” ते कुजबुजले.

“देवाशपथ, म्या सांगितलं न्हाई तिला.”

“पूजा किती वेळ असती काकूंची?”

“पंधरा-वीस मिनिटं.”

“मग थांबू.” सुभेदारांनी टोपी काढून काखेत धरली.

वीस मिनिटं झाली. अर्धा तास झाला. अव्वानं बेलाचं एक पान वाहिलं, डोळे मिटले, उघडले, दुसरं वाहिलं. टोपली काठोकाठ भरलेली होती. अव्वा दहाच्या आत उठणार नाही, हे तेव्हा कुठं लोकांच्या ध्यानात आलं. वेशीच्या बुरजावर, भिंतींवर, झाडांवर माणसं चढली. मेलेले सगळे उठून आले. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं, पण सगळ्यांची नजर घड्याळावर. साडेआठ. पावणेनऊ. भजीवाल्यानं गॅस बंद केला. हरिओमची आजी त्याला खुणेनं नीट उभं राहायला सांगत होती.

“साहेब, बाजूनं निघू का?” एका पोरानं विचारलं.

“निघ की,” सुभेदार म्हणाले.

पोरगं एक पाऊल पुढं गेलं, अव्वाकडं बघितलं आणि परत जागेवर येऊन उभं राहिलं.

नऊ वाजून गेल्यावर अव्वाचा हात थरथरायला लागला. तळहातावरलं लिंग हललं की बुरजावरच्या बायकांच्या तोंडून ‘अगं बाई’ निघायचं. गुरुजींचा जीव कासावीस झाला. दगड गेला खड्ड्यात, हिला उठवावं, पाणी पाजावं, असं त्यांना वाटत होतं, आणि त्याच वेळी मनातला एक लबाड कोपरा म्हणत होता, अजून पन्नास मिनिटं, अव्वा, फक्त पन्नास मिनिटं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

सुभेदारांनी एका पोराच्या पाठीवरचा पंप उतरवून घेतला. अनवाणी पुढं गेले, नजर खाली ठेवून बसले आणि अव्वाच्या कोपराखाली पंप उभा करून ठेवला. वर स्वतःची टोपी घडी करून टेकवली. अव्वानं त्यांच्याकडं बघितलं नाही. कोपर मात्र टेकवलं. हात थरथरायचा थांबला.

दहाची घंटा झाली तेव्हा गावानं जो गोंगाट केला तो शेजारच्या हाळी गावापर्यंत ऐकू गेला असेल. वर्षाराणीनं गोफण हवेत फेकली. वीरेश मोडका ड्रोन विसरून नाचत होता. फौजेची पोरं गावकऱ्यांच्या गळ्यात पडत होती, कोण जिंकलं हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. गुरुजींनी सुभेदारांचा हात दोन्ही हातांत धरला.

“तीन तास, सुभेदार. तीन तास.”

“लिहा,” सुभेदार म्हणाले. “जबान दिली म्हणजे दिली. पण मनातलं बोलतो, गुरुजी. ही लढाई न्हाई झाली. मी थांबलो म्हणून झालं हे. पोरं आपली हायत, आपल्या मातीतली. खरी फौज थांबती का?”

अव्वानं लिंग कपाळाला लावून परत गळ्यात घातलं. वर्षाराणीनं तिला पाणी दिलं. ते सगळं संपवून तिनं तांब्या खाली ठेवला.

“थांबली हुती की,” ती म्हणाली.

“कोण?”

“फौज. हितंच. माझी माय बसली हुती या जागी, अशीच.”

गुरुजींना आधी नीट कळलंच नाही. माय म्हणजे गंगम्मा, त्यांची आजी, जिचा घरात फोटोसुद्धा नव्हता.

“आजी तर तापानं गेली ना त्या साली?”

“तसं सांगायचं ठरलं.” अव्वानं गुडघे चोळले. “गोफणी हुत्या, पर त्या मारायला कुणी थांबलंच न्हाई. मशीनगन बघितली आन मानसं समजून गेली. आप्पा म्हनले, समद्यांला वढ्यातून काढतो, पर येळ पायजे. मायनं घोंगडी घेतली आन वेशीत येऊन बसली. म्या दाराच्या आड हुते, बेलाची टोपली धरून. लारी आली. सायब उतरला. तरना हुता, तुझ्या हरिओमएवढा असंल. त्याला आपली भाषा येत नव्हती. पर पूजा करून राहिली एवढं कळालं त्याला. टोपी काढली आन हुबा राहिला. उनात. तीन तास.”

भिंतीवरची माणसं एकेक करून खाली उतरली.

“आणि मग?” गुरुजींनी विचारलं.

“मग दुसरी लारी आली. त्यातून दुसरा सायब उतरला. तो थांबला न्हाई.”

सुभेदारांनी पायातली वहाण शोधावी तसं जमिनीकडं बघितलं. त्यांच्या पायात काहीच नव्हतं.

“आप्पांनी मग गोफण कामून सांगितली, अव्वा?”

“त्यानं न्हाई सांगितली. आधी लोकंच म्हनाले, गोफणीनं रोखलं असंल. त्यानं हाव म्हनलं. बायकोला वेशीत बसवून मी मागनं गेलो, हे कुठल्या तोंडानं सांगावं मानसानं? एकडाव हाव म्हनलं की मग रोज म्हनावं लागतंय. म्या त्याच्या जिवंतपणी बोलले न्हाई. मेल्यावर बी जीव झाला न्हाई. त्या दिवशी तू गुलाबी हून घरी आलास, तुझा चेहरा बघितला, म्हनलं, पोरगं उगंच गोफणीपायी मरून राहिलंय.”

गुरुजींना वाटलं होतं की आप्पा खोटे निघाले तर आपण मोडून जाऊ. तसं काही झालं नाही. त्यांना फक्त दारामागं टोपली धरून उभी राहिलेली आठ वर्षांची पोर दिसत होती, आणि ते अव्वाचे पाय दाबत बसले, एवढ्या लोकांसमोर, गुलालानं माखलेल्या हातांनी.

बालाजी पाथरवट सकाळपासून दगडापाशी छिन्नी घेऊन बसला होता. मजकूर खडूनं आखून तयार होता. तो खाकरला.

“संध्याकाळपर्यंत व्हायचं असंल तर आता सांगा. काय ठेवू, काय पुसू?”

गुरुजी उठले. त्यांनी आप्पांच्या नावाच्या वर खडूनं ‘गंगम्मा’ लिहिलं आणि आप्पांचं नाव पुसायला हात उचलला.

“त्याचं राहू दे,” अव्वा म्हणाली. “दीडशे मानसं त्यानंच काढली. गोफणी तेवढ्या काढ.”

गुरुजींनी गोफणी पुसल्या. तीन तास तसेच राहिले.

“आन खाली एक वळ मोकळी सोड.”

“कुणासाठी?”

“त्या पहिल्या सायबासाठी. नाव काय कळालं न्हाई त्याचं.”

मंजुश्रीताई चपापल्या. उद्या तहसीलचे लोक येणार, आमदार येणार. मुक्तिसंग्रामाच्या दगडावर निजामाच्या फौजेतल्या माणसासाठी जागा? त्यांनी सुभेदारांकडं बघितलं. दगडावर खोटं नको म्हणून तीन आठवडे गाव डोक्यावर घेणारा माणूस तो.

“सोडा,” सुभेदार म्हणाले. “कुणी इचारलं तर माझ्याकडं पाठवा.”

बालाजीनं पट्टी दगडावर आडवी धरली आणि खडू उचलला.

“सोडतो की,” तो म्हणाला. “पण किती अक्षरांची सोडू?”